मैदानात मिळवलेली जागा
‘कंपनीचा संघ तो, गावाचा कसला?’ असे विचारणारे भेटतात. वास्कोच्या टिळक मैदानावर ब्रह्मानंद संखवाळकर गोलखांबांत उभे राहिले, की साळगावकर संघाचा मालक कोण, हे आम्हा पोरांच्या गावीही नसे; तो हरला तर रात्री घास उतरत नसे. धेंपो तर आमचे हाडवैरी. पण न्याय त्यांनाही हवा. २०१५मध्ये आय-लीगमधून घसरलेला तो संघ २०१६मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून सन्मानाने वर आला. नेमकी त्याच वर्षी महासंघाने आय-लीगलाच खालच्या पायरीवर बसवण्याची योजना मांडली. वरची जागा इंडियन सुपर लीगच्या, पैसे मोजून प्रवेश घेतलेल्या संघांना! धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही बाहेर पडले. त्यांना आडमुठे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे : घामाने मिळवलेली जागा कागदावर हिरावून घेण्याचा अधिकार महासंघाला कोणी दिला?