नेरळची लहान गाडी आणि माणसाचा खांदा

समुद्रकांठच्या कुटुंबांस एका दिवसाच्या सहलीला जावयाचें झालें म्हणजे नाव हाताशीं असते. मुंबईकरांस भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रेवसची लाँच ठाऊक आहे. सकाळीं बसावें, पलीकडे अलिबागच्या बाजूस उतरावें आणि दिवेलागणीस परतावें. कर्जत-खालापूरकडील मंडळींना ही सोय नाहीं. उल्हास नदी नेरळजवळून वाहते खरी. परंतु गलबतें तरंगतील एवढें पाणी तिला लाभतें तें खालीं कल्याणच्या खाडींत, आणि म्हणूनच प्राचीन काळापासून बंदराचें वैभव कल्याणच्या वाट्यास आलें. नेरळच्या वाट्यास जी नाव आली ती डोंगरावर चालणारी आहे. नेरळ ते माथेरान ही लहान आगगाडी तीच ती. नावेप्रमाणेंच ती सावकाश चालते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना व लेंकरांना सारख्याच आपुलकीनें पोटांत घेते, आणि पावसाळा आला कीं घाटांतली तिची फेरी बंद होते. या महिन्यांत तिच्याविषयीं चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

माथेरानचा डोंगर ठाकर, धनगर, कातकरी या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. साहेबलोकांच्या दृष्टीस तो पडला १८५० च्या मे महिन्यांत, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळें. पुढें १८५६ सालीं कल्याणहून निघालेला लोहमार्ग नेरळावरून पुढें गेला, आणि मुंबईच्या सुखवस्तु मंडळींस डोंगराच्या पायथ्याशीं येणें सोपें झालें. अवघड राहिला तो वरचा चढ. ज्याचे पाय धड तो पायीं जाई. ज्याला बैठक साधे तो तट्टावर बसे. आणि उरलेले पालखींत किंवा खुर्चींत बसून हमालांच्या खांद्यावरून वर जात. थंड हवा खाणारा एक आणि तिच्यासाठीं घाम गाळणारे चार, असा हा व्यवहार जवळजवळ अर्धशतक चालला.

तो भार खांद्यावरून उतरविला आदमजी पीरभॉय घराण्यानें. मुंबईचे सुप्रसिद्ध व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं १९०४ सालीं काम हातीं घेतलें, त्यांत घरचे सुमारें १६ लक्ष रुपये घातले, आणि २२ मार्च १९०७ रोजीं गाडी सुरू झाली. मोठ्या गाडीच्या दोन रुळांत साडेपांच फुटांचें अंतर असतें; येथें तें अवघें दोन फूट आहे. सुमारें २० किलोमीटरांच्या वाटेंत या गाडीला ७५० मीटरांवर उंची गांठावयाची असते. कांहीं ठिकाणीं तर २० फूट पुढें जातांना एक फूट वर चढावें लागतें. तेथल्या आंखूड वळणांवरून साधें एंजिन जाईना. म्हणून टोंकाच्या चाकांचे आंस वळणाबरोबर किंचित् वळतील अशीं एंजिनें जर्मनींतील ओरेनस्टाइन व कोप्पेल या कारखान्यांतून आणविलीं. तीं वाफेचीं एंजिनें कालांतरानें निवृत्त झालीं आणि त्यांच्या जागीं डिझेलचीं आलीं. वाट मात्र जुनीच आहे.

त्या वाटेची मौज तिच्या संथपणांत आहे. नेरळ सुटलें कीं जुम्मापट्टी, मग वॉटर पाईप, मग अमन लॉज आणि शेवटीं माथेरान. आतां डाव्या हाताला दिसणारें गांव घटकेनें उजव्या हाताला आणि पहिल्याहून लहान दिसूं लागतें. बोगदा एकच, आणि तोही इतका लहान कीं मुलांनीं अंधारांत ओरडावयास आरंभ करावा तोंच उजेड येतो. दोन-अडीच तासांच्या या प्रवासांत आजोबा आणि नातू एकाच खिडकींतून एकच गोष्ट पाहतात. असा योग आपल्या धांवपळीच्या घरांत किती दिवसांनीं येतो, हें वाचकांनींच आठवून पाहावें.

पण ही वाट नाजूक आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरांत तिचा मोठा भाग उध्वस्त झाला आणि गाडी पुन्हां धांवली ती २००७ सालीं. २०१६ च्या मे महिन्यांत डबे रुळांवरून घसरल्यामुळें ती बंद ठेवण्यांत आली. नेरळपासूनची सबंध वाट २०१८ च्या जानेवारींत खुली झाली. २०१९ च्या पावसानें मार्ग पुन्हां वाहून गेला, तो २२ ऑक्टोबर २०२२ रोजीं पूर्ववत् झाला. अशा काळांत लोक मोटारीनें दस्तुरी नाक्यापर्यंत जात. त्यापुढें माथेरानांत खासगी मोटारींस मज्जाव आहे, आणि तो असणेंच इष्ट आहे. परंतु तेथून बाजारापर्यंतची दोन-तीन किलोमीटरांची तांबड्या मातीची वाट म्हाताऱ्या माणसानें कशी चालावी? अमन लॉजहून वर जाणारी गाडी मिळाली तर ठीक. नाहीं तर घोडा, किंवा माणसांनीं ओढावयाची रिक्षा.

असाच एकदा प्रसंग आमच्या घरच्या मंडळींवर आला. आमच्या आत्याबाईंचें वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे केव्हांच थकलेले. रिक्षा समोर उभी होती. पुढें ओढणारा एक, मागून ढकलणारे दोघे. आत्याबाई कांहीं केल्या बसेनात. सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, आपण त्यांना पैसे देतोंच ना?" त्यांनीं उत्तर दिलें, "पैसे दिले म्हणून त्यांना धाप कमी लागते काय ग?" तेव्हां तो रिक्षावाला नम्रपणें म्हणाला, "आजी, तुम्ही नाहीं बसलां तर आमची चूल पेटायची कशी?" आत्याबाई निरुत्तर झाल्या, आणि आम्हीही. दोघांचेंही म्हणणें खरें होतें.

आमच्या मतें सुशिक्षित गृहस्थानें या प्रश्नाला बगल देतां कामा नये. 'मी बसणार नाहीं' एवढें म्हटल्यानें आपलें मन स्वच्छ राहतें. पण दुसऱ्याच्या घरची भाकर त्यानें सिद्ध होत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ६ ऑगस्ट २०२५ रोजीं दिलेला निर्णय म्हणूनच आम्हांस मोलाचा वाटतो. माणसानें माणसाला ओढून नेणें मानवी प्रतिष्ठेस शोभत नाहीं, ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, आणि ओढणाऱ्या लोकांसच विजेवर चालणाऱ्या रिक्षा मिळण्याची योजना सरकारनें करावी, असा त्याचा आशय आहे. आत्याबाईंची धाप आणि रिक्षावाल्याची चूल, दोहोंचाही विचार त्यांत आहे.

डोंगरावर राबणारे हात आपण पाहतों, त्या हातांमागचीं माणसें पाहत नाहीं. ह्याच माथेरानांत १ डिसेंबर १९१२ रोजीं एका गरीब नाभिक कुटुंबांत विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मास आले. ते शिकून वकील झाले, आणि परत येऊन कर्जतकडील शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या कामास लागले. सावकाराच्या दारीं कुणास जावें लागूं नये म्हणून त्यांनीं धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या लढ्यांत त्यांच्या आझाद दस्त्यानें विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं ते व हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. आपल्या मुलांना माथेरानचे पॉइंट दाखवितांना भाई कोतवालांची ही हकीकतही अवश्य सांगावी.

आतां जाणारांसाठीं दोन सूचना. पावसाळ्यांत नेरळपासूनची गाडी बंद असते, तेव्हां दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. फेऱ्या थोड्या व जागा मोजक्या, यास्तव सकाळींच नेरळास पोहोंचावें. बरोबर दशम्या-चटणी घ्यावी, पण वानरांपासून ती जपावी. आणि रिकाम्या पिशव्या, बाटल्या डोंगरावर न टाकतां परत आणाव्या. शार्लोट तलावाजवळ पिसारनाथाचें देऊळ आहे; तेथील झाडांच्या सावलींत वडील मंडळींचा दुपारचा विसांवा चांगला होतो. घोडा घेतलाच तर लहान घोड्यावर थोराड माणूस बसवूं नये, आणि ठरल्या दरांत घासाघीस करूं नये.

मुख्य सांगणें एवढेंच कीं, मोटारीनें दस्तुरीला जाणें लवकरचें असलें तरी ज्यांना सवड आहे त्यांनीं नेरळच्याच गाडीनें जावें. बसणारे कमी झाले म्हणजे 'हिचा उपयोग काय' असें विचारणारे पुढें येतात, आणि मग दरड कोसळल्यावर डागडुजीस कोणी घाई करीत नाहीं. ही गाडी चालू असते तोंवर घरांतील वृद्धेला कुणाच्याही खांद्यावर न बसतां बाजारपेठेपर्यंत जातां येतें. शंभरांहून अधिक वर्षें ती हेंच काम करीत आली आहे, आणि पुढेंही करीत राहावी असें आम्हांस मनापासून वाटतें.