शिवडीच्या पेट्या, तळेगावचे कुलूप

मलकापूरच्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, भात ठेवायची एक भलीमोठी लाकडी पेटी होती. तिचे लाकूड आमच्या बाजूचे नव्हते. फणस नव्हे, साग नव्हे. पांढरट, हलके, जागोजागी गाठी असलेले. थोरले चुलते मुंबईला गोदीत कामाला होते. एका सुटीत त्यांनी या फळ्या बांधून आणल्या आणि गावच्या सुताराने त्यांची पेटी केली. फळ्यांवर काळ्या शाईचे ठसठशीत रोमन अक्षरांचे छाप होते. पाचवीत इंग्रजी सुरू झाल्यावर शाळेच्या पुस्तकाबाहेर मी जो पहिला इंग्रजी शब्द वाचला, तो या पेटीवरचा ‘बॉम्बे’.

चुलते सांगत, “ह्यातनं मोटारी यायच्या, लेका. सुट्ट्या. चाकं एकीकडं, इंजिन एकीकडं.”

मला ते खोटे वाटे. कोल्हापूरहून आंब्याच्या घाटाकडे धापा टाकत जाणारी एसटी दारातून रोज दिसायची. ती पेटीत मावेल कशी?

चुलते खरे बोलत होते हे पुढे कळले. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून पहिली शेवरलेट बाहेर पडली. हिंदुस्थानातला मोटारजोडणीचा हा पहिला कारखाना. पाठोपाठ फोर्ड आली. ती आली कॅनडातल्या कंपनीच्या नावाने, कारण साम्राज्यातल्या देशांना साम्राज्यातूनच माल पाठवणे जकातीच्या दृष्टीने सोयीचे होते. व्यवहार सरळ होता. तयार मोटार जहाजावर चढवली की ती निम्मी हवाच वाहून नेते. तीच सुटी करून पेट्यांत भरली की जागा कमी लागते, भाडे वाचते, जकात हलकी बसते; आणि जोडायला इथले हात स्वस्त.

त्या पेट्यांतून नुसत्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या गाड्या आल्या असे नव्हे. शेवरलेट आणि फोर्डच्या ट्रकच्या सांगाड्यांवर इथले सुतार आणि लोहार लाकडी-पत्र्याची बॉडी चढवत आणि त्याची ‘सर्व्हिस मोटार’ होई. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा याच मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून धावल्या. त्याच काळात गोदीत उतरलेल्या पेट्यांतून लष्करी ट्रक जोडले गेले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली, आणि महामंडळाच्या सुरुवातीच्या ताफ्यातही बेडफोर्डच्या बरोबरीने शेवरलेट आणि फोर्ड होत्या. खेड्यापाड्यातल्या माणसाने ‘मोटार’ म्हणून जे पाहिले, त्यातले पुष्कळसे शिवडीच्या पेटीतून निघालेले होते.

आणि १९५४ साली शिवडीचा हा कारखाना बंद झाला.

तो का बंद झाला हे आज मुद्दाम आठवण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी घातली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने स्पष्टच सांगितले की, सुटे भाग आणून नुसते जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनी राहावे. जनरल मोटर्सने आणि फोर्डने हिशेब केला, बाजार लहान दिसला आणि दोघीही निघून गेल्या. त्या धोरणावर पुढे बरीच टीका झाली. मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेली आमची पिढी त्या टीकेत सामील होती. तरीही मला तो व्यवहार स्वच्छ वाटतो. सरकारने अट सांगितली, कंपनीने ती नाकारली. गाडी उघडून पुन्हा जोडणारे हात मात्र तोवर मुंबईत तयार झाले होते, आणि ते काही पेट्यांत भरून परत नेता येणार नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी क्रायस्लर कंपनीशी करार केला तो १९४० मध्ये. इंग्रज सरकारने त्यांना युद्धभर झुलवत ठेवले. शेवटी १९४७ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे तिथेच फिएट आली आणि तिची पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा तिच्याबरोबर फोटो काढायला लोक जमले होते. असो.

जनरल मोटर्स १९९० च्या दशकात परत आली ती गुजरातेत हालोलला. महाराष्ट्रात दुसऱ्यांदा आली ती मावळात, तळेगावजवळ नवलाख उंबऱ्याच्या परिसरात, सुमारे ३०० एकरांवर. उद्घाटन २ सप्टेंबर २००८. तळेगावाला कारखान्याचे अप्रूप नवे नव्हते. बरोबर १०० वर्षांपूर्वी, १९०८ मध्ये, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून इथेच काचेचा कारखाना निघाला होता. या वेळी पैसा डेट्रॉइटचा होता.

उद्घाटनाच्या त्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली. त्या वर्षीच्या २३ डिसेंबरला विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिल या गावचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला. १९१९ पासून चाललेला. आजोबा, बाप, नातू अशा पिढ्या त्यात राबलेल्या. १ जून २००९ रोजी खुद्द कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे तिकडे घर जळत होते आणि इकडे नव्या घराचे तोरण अजून सुकले नव्हते.

तरी तळेगाव चालले. इथे शिवडीसारखी नुसती जोडणी नव्हती. इंजिनेही इथेच होऊ लागली. पण शेवरलेट बीट आणि स्पार्क भारतात पुरेशा खपल्या नाहीत. आपणही दुसऱ्याला दोष देण्याआधी हे कबूल करावे. आमच्या घरी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा शेजाऱ्यांना विचारून आम्हीही मारुतीच घेतली. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले. तळेगावात तयार झालेल्या गाड्या त्यानंतर मेक्सिकोकडे जात राहिल्या. २४ डिसेंबर २०२० ला तेही थांबले. दोन्ही कारखान्यांचा शेवट नाताळाच्या तोंडावर झाला.

कारखाना एका चिनी कंपनीला विकायचा करार २०२० च्या आरंभीच झाला होता. त्या जूनमध्ये गलवानला रक्त सांडले, परवानग्या अडकल्या आणि २०२२ मध्ये तो सौदा संपला. मधल्या काळात, २०२१ च्या एप्रिलमध्ये, चौदाशेहून अधिक कामगारांना ले-ऑफ मिळाला. संघटना न्यायालयात गेली, उपोषणे झाली. कायद्याच्या किमान रकमेपेक्षा आपण पुष्कळ जास्त देऊ केले, असे कंपनीचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. त्यात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रे होती. कामगार नव्हते. कारण तो मालमत्तेचा सौदा होता, आणि माणूस ही मालमत्ता नव्हे. तत्त्व म्हणून हे चांगलेच आहे, पण इथे ते माणसाच्याच विरुद्ध गेले.

बँकेतल्या नोकरीत मी कारखाने उघडताना पाहिले तसे बंद होतानाही पाहिले. ती बातमी वर्तमानपत्राच्या आधी बँकेत येते. पहिल्या महिन्यात सोनेतारणाच्या खिडकीवर नेहमीपेक्षा मोठी रांग लागते, आणि तिच्यात बायका जास्त असतात. तिसऱ्या महिन्यात मोटारसायकलचे हप्ते थकतात. घराचा हप्ता माणूस सर्वांत शेवटी सोडतो. एका तालुक्याच्या गावी एक कारखाना असाच मिटला, तेव्हा एक फिटर माझ्या टेबलासमोर बसून म्हणाला होता, “साहेब, कर्ज देताना तुम्ही मला चाळीस प्रश्न विचारले. आमच्या मालकाला जमीन देताना कुणी चार तरी विचारले का?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आज माझे मत असे आहे की, ते चार प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि उद्घाटनाच्या आधी. कर्जाच्या कागदावर आम्ही पहिल्या दिवशीच लिहून घेतो की, हप्ते थकले तर काय, धंदा बुडाला तर काय, कर्जदार गेला तर काय. यात अशुभ कोणी मानत नाही. राज्य मात्र स्वस्त जमीन, वीज आणि करसवलत देते, फीत कापते आणि शेवटाचा विषय काढणे अपशकुन समजते. कायद्याचे किमान गणित तर लहान मुलालाही जमेल. वर्षामागे १५ दिवसांचे वेतन. १२ वर्षे राबलेल्याला सहा महिन्यांचा पगार. पस्तिशी-चाळिशीतल्या, दोन मुले शाळेत असलेल्या माणसाला सहा महिने! बंदसाठी सरकारी परवानगीची अट पूर्वी १०० कामगारांपासून लागू होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा ३०० वर नेली. तेव्हा लहान कारखान्यांच्या बाबतीत करारात जे लिहू तेवढेच हाती राहील.

लिहायचे काय? सवलतीच्या प्रमाणात काही रक्कम कामगारांच्या नावे दरवर्षी बाजूला पडावी. कारखाना दुसऱ्याला विकला तर नव्या मालकाने भरतीत जुन्यांना आधी विचारावे. जमीन सरकारच्या संमतीशिवाय हस्तांतरित होत नाही, म्हणजे ही अट घालण्याची जागा सरकारच्या हातातच आहे. अशाने कंपन्या दुसऱ्या राज्यात जातील, असे म्हणणारे भेटतात. काही जातीलही. पण माझ्या अनुभवात तारण मागितले म्हणून पळाला तो कर्जदार बहुधा पळण्याच्याच तयारीने आलेला असे.

‘त्यांना नवे काही शिकवा’ हा सल्लाही ऐकू येतो. जेन्सव्हिलवर अमेरिकन पत्रकार एमी गोल्डस्टीन यांचे पुस्तक आहे. कारखाना बंद झाल्यावर कॉलेजात जाऊन नवा धंदा शिकलेल्यांची स्थिती, न शिकता मिळेल ते काम धरणाऱ्यांपेक्षा चांगली झाली नाही, असे त्यांना आढळले. शिक्षण वाईट म्हणून नव्हे. गावात नवे काम कुठे होते?

तळेगावला ते भाग्य आहे. शेजारी चाकण आहे, आणि २०२५ मध्ये त्याच फाटकातून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. आमच्या कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनाही मोटारधंद्यातल्या अशा बातमीने बरे वाटते. मलाही वाटले.

गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा पेढे घेऊन आला. आयटीआय झालेला, चाकणला नोकरी लागलेली. “काका, घरासाठी कर्ज किती बसंल?” मी त्याला नेमणुकीचे पत्र मागितले. त्याने मोबाइल पुढे केला.

“वाचलंस का हे?”

“कोण वाचतंय, काका! पगाराचा आकडा बघितला.”

मी चष्मा पुसला. बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही दोघे त्या एवढ्याशा पडद्यावर कलम पहिलेपासून वाचायला बसलो. नोकरी किती महिन्यांची आहे, ते सातव्या कलमात होते.