सिद्ध कोणी करायचे?

1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद होती. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, मग संमती नव्हती हे सिद्ध कसे झाले, असा तो युक्तिवाद. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले. 1983 मध्ये तेव्हाच्या पुरावा कायद्यात 114-अ हे कलम आले. कोठडीतला शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. ते खोडून काढणे आरोपीचे काम.

यावरचा आक्षेप हलका नाही. पोलीस, प्रयोगशाळा, सरकारी वकील सगळे शासनाच्या हाती. आरोपीकडे पुष्कळदा धड वकीलही नसतो. म्हणूनच गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावर असते. तथापि, ठाण्याच्या बंद दाराआड काय घडले याचा साक्षीदार आणायचा कुठून? शिवाय इथे मूळ घटना आधी सरकारपक्षालाच सिद्ध करावी लागते. मला हा अपवाद न्याय्य वाटतो.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम 45 चे तसे नाही. आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास सबळ कारण दिसले, तरच जामीन. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ही अट रद्द केली होती. 2018 मध्ये संसदेने ती दुरुस्तीने परत आणली आणि 2022 मध्ये न्यायालयाने वैध ठरवली. तिच्या समर्थकांची बाजूही समजून घ्यावी अशीच आहे: पैसा देशोदेशीच्या बनावट कंपन्यांतून फिरतो, आरोपी वजनदार असतात, बाहेर आले की साक्षीदार फुटतात.

दुसरीकडे, या टप्प्यावर एकाही साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नसते. 114-अ ने आणलेले गृहीतक पुरावा झाल्यावर लागू होते, हे पुराव्याआधीच माणसाला तुरुंगात ठेवते. प्रदीर्घ कैदेमुळे अलीकडे न्यायालये जामीन देऊ लागली आहेत, पण तोवर वर्षे उलटलेली असतात. संसदेने कलम 45 मध्ये मुदत घालावी: ठरलेल्या काळात खटला सुरू झाला नाही, तर ही अट आपोआप संपावी.