पटावर नाव, वर्गात परका

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात प्रारंभीच राज्यघटनेची उद्देशिका छापलेली असते. अरुणाचल प्रदेशातील दियुन भागातला चकमा मुलगा ती इतरांबरोबरच पाठ करतो. परंतु तीत ज्या लोकांचा उल्लेख आहे, त्यांत आपण मोडतो की नाही, हे त्याला कोणी सांगावयाचे?

चकमा हे चितगावच्या डोंगराळ मुलुखातील बौद्ध लोक. 1962 साली पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवरील काप्ताई धरण पुरे झाले आणि सुमारे एक लक्ष माणसे घरादारास मुकली. त्यांपैकी जे 1964 पासून भारतात आले, त्यांतील अनेक कुटुंबांना सरकारनेच तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, वसविले. आज शाळेत जातात ती त्यांची नातवंडे-पतवंडे. 26 जानेवारी 1950 पासून 30 जून 1987 पर्यंत या भूमीवर जन्मलेला मनुष्य कायद्याने जन्मतःच नागरिक ठरतो. मग या मुलांना निर्वासित म्हणावयाचे ते कोणत्या न्यायाने? चकमांना हाकलून द्या, ही चळवळ तेथे विद्यार्थी संघटनेने चालविली, ही गोष्ट आम्हांस विशेष खेदाची वाटते. स्थानिक आदिवासींचे भय खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. जमीन आणि संख्याबळ जाण्याची धास्ती दुर्बळालाच अधिक असते. पण तिची किंमत शाळकरी मुलांनी का मोजावी?

जीविताचे संरक्षण नागरिकांपुरते नसून प्रत्येक व्यक्तीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली चकमांच्याच प्रकरणी बजावले. 2015 साली नागरिकत्वाचा निकाल तीन महिन्यांत लावण्यास फर्माविले. ती मुदत केव्हाच उलटून गेली. शिक्षणाचे कलम 21-अ तर 6 ते 14 वर्षांच्या सर्व बालकांचे आहे. घटनेने कोठे 'व्यक्ती' म्हटले व कोठे 'नागरिक', हा भेद शिक्षकाने फळ्यावर लिहून समजावला पाहिजे. आमच्याकडे मात्र हा विषय म्हणजे काही गुणांची घोकंपट्टी!

चकमा बौद्ध म्हणून आमचा हा कळवळा, असे कोणी म्हणेल. ते बौद्ध नसते, तरीही आम्ही हेच लिहिले असते. बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर होते; तरी त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शाळेत प्रवेश मिळणे निराळे आणि शाळेत आपलेपण मिळणे निराळे, हे आपल्या घरांना कोणी शिकवावयास नको. आपल्या गावच्या शाळेतही परप्रांतीय मजुरांची मुले येतात. ती कोणाशेजारी बसतात, कोणाबरोबर डबा खातात, हे बंधुभगिनींनी आज सायंकाळी आपल्या मुलांना विचारून पाहावे.