हिवाळा साठवणारी गुहा



आज तुम्हांला जरा लांब नेणार आहे. अंगावर घोंगडी घ्या, कानटोपी शोधा आणि पायांत चपला नकोत, बूट घाला. बाहेर जुलै महिना असला तरी आपण जिथे जाणार आहोत तिथे बर्फ आहे. फ्रीजमधले नव्हे, बर्फाच्या कारखान्यातले नव्हे. डोंगराच्या पोटात आपोआप तयार झालेले, आणि उन्हाळाभर टिकणारे.

आमचा थोरला मुलगा जर्मनीत म्युनिकला नोकरीला आहे. गेल्या वर्षी पेरण्या उरकल्या, शेत धाकट्याच्या अंगावर टाकले आणि आम्ही दोघे त्याच्याकडे महिनाभर जाऊन आलो. एका रविवारी तो म्हणाला, "चला, तुम्हांला बर्फाची गुहा दाखवतो." शेजारच्या ऑस्ट्रिया देशात साल्झबुर्ग नावाचे शहर आहे. तिथून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर व्हेर्फेन हे गाव. साल्झाख नदीचे खोरे, टेकडीवर एक जुना किल्ला आणि गावामागे चुनखडीचा उभा डोंगर. त्या डोंगरात ही गुहा आहे. तिचे नाव आइसरीझनवेल्ट, म्हणजे हिमराक्षसांचे जग!

सौ. म्हणाली, "बर्फ बघायला एवढ्या लांब कशाला? अमरनाथलाच गेलो असतो." तिचे म्हणणे खोटे नव्हते. अमरनाथच्या गुहेतही छतातून ठिबकणारे पाणी गोठून हिमलिंग तयार होते. आपल्या गावागावांतून लोक ते दर्शन घेऊन आले आहेत. पण अमरनाथ समुद्रसपाटीपासून ३,८८८ मीटरवर आहे. या गुहेचे तोंड आहे फक्त १,६४१ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्याच उंचीवर. आम्ही गेलो तेव्हा खाली खोऱ्यात गाई चरत होत्या आणि चढताना आम्हांला घाम फुटला होता. मग तिथे बर्फ राहतो कसा? माझ्या डोक्यात तेच घोळत होते.

तुम्ही कधी गेलात तर वाट सांगून ठेवतो. गाडीतळापासून चढणीची वाट चालत रोपवेपर्यंत जायचे. रायगडाला आहे तसाच रोपवे, १९५५ साली सुरू झालेला. तो तीन मिनिटांत पाचशे मीटर वर नेतो. तिथून पुन्हा वीस मिनिटे चालायचे. मग डोंगराच्या कड्यात ते भले मोठे तोंड दिसते. गुहा मे महिन्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच उघडी असते. आत एकट्याने हिंडता येत नाही, वाटाड्याबरोबर घोळक्याने जायचे. सव्वा तास लागतो. आत चढायच्या पायऱ्या सातशे आणि उतरायच्याही तेवढ्याच. फोटो काढू देत नाहीत.

सातशे आकडा ऐकला आणि सौ.ने गुडघ्यावर हात ठेवला. दोन वर्षांपासून तिचा उजवा गुडघा धरतो. मुलगा म्हणाला, "आई, हळूहळू जाऊ." ती म्हणाली, "घोळक्याला माझ्यापायी थांबवू नका. तुम्ही जाऊन या. मी इथेच बसते." मला वाईट वाटले. एवढ्या लांब येऊन तिने दारातून परतायचे! पण आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. तिने शाल गुंडाळली, पिशवीतली दशमी काढली आणि तोंडाशी एका कडेला बसली.

आम्हांला वाटाड्याने कार्बाइडचे दिवे दिले. जुन्या माणसांना आठवत असतील. पूर्वी जत्रेत भेळवाल्याच्या गाडीवर असे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकले की गॅस होतो, तो पेटवायचा. या गुहेत विजेचे दिवे नाहीत, एवढाच उजेड.

गुहेच्या तोंडापासून आत एक दार आहे. वाटाड्याने ते उघडले मात्र, आतून असा वारा सुटला की पुढच्या चौघांचे दिवे विझले! माझी टोपी उडता उडता वाचली. आणि वारा कसला? गार झोंबणारा, पौषातल्या पहाटेसारखा. सगळे आत आले, दार लागले आणि वारा एकदम थांबला. दिवे पुन्हा पेटवले आणि आम्ही लाकडी पायऱ्या चढू लागलो.

आता आतले काय सांगू? उजेड पडेल तिथे बर्फ. घराएवढे ढीग, छतापासून लोंबणारे सुळके, जमिनीतून वर आलेले खांब. एके ठिकाणी गोठलेला धबधबा, जणू वाहता वाहता थबकला आहे. वाटाड्या बर्फामागे जाऊन मॅग्नेशियमची पट्टी पेटवी, की तो सगळा ढीग आतून निळसर पांढरा उजळून निघे. एके ठिकाणी बर्फाची उभी भिंत होती आणि तिच्यात थरावर थर दिसत होते, विहीर खणताना मातीचे दिसतात तसे. कठड्याचा दांडा हाताला इतका गार लागत होता की हातमोजे आणले नसते तर पस्तावलो असतो. बायाबापड्यांनी पातळ नेसून जाऊ नये, पायऱ्यांत अडकेल.

ही गुहा सापडली कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. त्या भागातल्या शिकाऱ्यांना हे तोंड पूर्वीपासून ठाऊक होते, पण आत जायला लोक भीत. नरकाचे दार म्हणत. १८७९ साली साल्झबुर्गचे अंतोन पॉसेल्ट हे निसर्ग-अभ्यासक दोनेकशे मीटर आत गेले. उभ्या बर्फापुढे त्यांना थांबावे लागले. त्यांनी त्यावर लेख लिहिला, पण पुढे लोक विसरून गेले. १९१२ साली अलेक्झांडर फॉन म्योर्क या तरुणाने पुन्हा शोध सुरू केला आणि सोबत्यांसह बर्फाची भिंत ओलांडून पलीकडे गेला. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि त्याच वर्षी तो लढाईत पडला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींचा कलश या गुहेतच, त्याच्या नावाच्या दालनात ठेवला आहे. तिथे पोचल्यावर आमचा घोळका आपोआप गप्प झाला. युद्धानंतर त्याच्या मागच्यांनी काम पुढे नेले. आज ही गुहा बेचाळीस किलोमीटर लांब असल्याचे माहीत आहे.

पण मंडळी, गंमत अशी की या बेचाळीस किलोमीटरपैकी बर्फ आहे फक्त सुरुवातीच्या एका किलोमीटरात! पुढे सगळा कोरडा खडक. माणसाला वाटावे, जितके खोल तितके गार. इथे उलटे. बर्फ दाराजवळ, आत नाही. असे का? वाटाड्याने जर्मनमध्ये आणि इंग्रजीत भराभर सांगितले. मुलाने थोडे मराठीत केले. माझ्या डोक्यात काही नीट शिरले नाही.

बाहेर आलो तर सौ. आमची वाटच बघत होती. मी म्हणालो, "बर्फ काय सुंदर आहे गं, तू बघायला हवे होतेस." ती म्हणाली, "ते राहू द्या. आधी मला सांगा, या गुहेला वरच्या बाजूला भोके आहेत का?"

मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "हो, वर डोंगरात भेगा आहेत. वाटाड्या तेच सांगत होता. तुला कसे कळले?"

"मी तासभर इथे बसले. घोळका आत जाताना, बाहेर येताना दार उघडले की वारा येतो, लागले की थांबतो. नुसत्या बंद भुयारात वारा कसा खेळेल? कुठून तरी आत येत असणार तेव्हाच खाली बाहेर पडतो. अहो, ही तर आपली कांदाचाळ आहे!"

तिथून पुढे मला सगळे उमगले. तुम्हांलाही उमगेल, बघा.

कांदाचाळीचे तळ आपण जमिनीपासून दीड-दोन फूट उंच का करतो? खालून गार हवा शिरावी, कांद्यातली ऊब घेऊन हलकी व्हावी आणि वरून निघून जावी म्हणून. चुलीच्या धुराड्याचाही नियम तोच. गरम हवा हलकी, ती वर जाते. गार हवा जड, ती खाली बसते.

आता गुहा बघा. हिवाळ्यात बाहेर कडाक्याची थंडी, आणि डोंगराच्या पोटातली हवा त्या मानाने उबदार. ती ऊबदार हवा वरच्या भेगांतून निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या तोंडातून बाहेरची गोठवणारी हवा आत ओढली जाते. सारा हिवाळा हेच चालते. तोंडाजवळचा खडक शून्याखाली गार होऊन बसतो. पण ती थंडी एका किलोमीटरपर्यंतच पोचते, पुढे खडकाच्या उबेने ती संपून जाते. म्हणून पुढे बर्फ नाही. वसंतात डोंगरावरचे बर्फ वितळते, पाणी भेगांतून झिरपत आत येते आणि त्या गारठलेल्या खडकावर पडले की गोठते. दर साली असा नवा थर चढतो.

उन्हाळ्यात वारा उलटा फिरतो. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि जड, ती खाली वाहत तोंडातून बाहेर पडते आणि वरून कोमट हवा आत येते. म्हणजे साठवलेला गारठा खर्ची पडू लागतो. इथेच ते दार कामाला येते. उन्हाळ्यात माणसे आत नसतील तेव्हा ते बंद ठेवतात. वारा थांबला की बर्फ कमी झिजते. हिवाळ्यात तेच दार उघडे ठेवतात, की थंडी भरपूर आत जावी. म्हणजे जमेच्या वेळी दार उघडायचे, खर्चाच्या वेळी मिटायचे. एवढे साधे काम, पण चुकवून चालत नाही.

दुसऱ्या जातीच्याही हिमगुहा असतात. स्लोव्हाकिया देशात डोब्शिना नावाच्या गावाजवळ एक आहे, १८७० साली आत उतरून शोधलेली. तिचे तोंड वर आणि पोट खाली, आपल्या धान्याच्या पेवासारखे. हिवाळ्यातली जड गार हवा आत उतरते आणि उन्हाळ्यात तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तिथे काही जागी बर्फ सव्वीस मीटरांहून जाड आहे.

पण दार कितीही नीट सांभाळले तरी जमाच कमी झाली तर? युरोपातल्या कितीतरी गुहांतले बर्फ गेल्या काही दशकांत ओसरले आहे. हिवाळे ऊबदार झाले, तर साठवायला थंडीच मिळत नाही. आपण नाही का म्हणत, पावसाळा कोरडा गेला तर विहीर कितीही खोल असून काय उपयोग? डोंगराचेही तसेच आहे. शेकडो वर्षांची शिल्लक असली तरी नुसत्या खर्चाने ती संपते.

आता घरचे सांगतो, आणि यात लाज वाटण्यासारखे आहे तेही सांगतो. त्याच्या आदल्या साली आमच्या चाळीतला निम्मा कांदा सडला होता. मी बियाण्याला बोल लावला, पावसाला बोल लावला, धाकट्यालाही चार शब्द सुनावले. खरे म्हणजे चाळीखालची मोकळी जागा बघून मीच तिथे ठिबकच्या जुन्या नळ्या, सरपण, फाटके बारदान असे सगळे कोंबून ठेवले होते. जागा वाया कशाला घालवायची, म्हणून! तळातून वारा शिरायला वाटच उरली नव्हती. गुहेचे दार म्हणावे तर मीच भर हिवाळ्यात लावून घेतले होते.

हे मला त्या डोंगरावर सौ.ने सांगितले, तेही मुलासमोर. आणि तिथूनच तिने मुलाच्या फोनवरून घरी धाकट्याला सांगितले, "चाळीखालचे सगळे सामान आजच्या आज काढ. तुझ्या दादांना मी बघते."

दिवाळीत चाळ फोडली. थोडी सड निघालीच, ती दर वर्षी निघते. पण गेल्या वेळचा तो वास नव्हता. मी धाकट्याजवळ गेलो आणि आदल्या सालचे माझे चार शब्द परत घेतले.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाची मुले-सुना परदेशात असतील आणि तुम्हांला ही गुहा बघायचा योग आला, तर जरूर जा. गुडघे धड असतील तर आत जा, नसतील तर दाराशी बसा. दाराशी बसूनही माणूस रिकाम्या हाताने येत नाही, हे आमच्या घरात सिद्ध झाले आहे. आणि योग नाही आला तर निदान हा अंक खाली ठेवल्यावर उठून आपल्या चाळीखाली वाकून बघा. काय काय कोंबले आहे ते दिसेल.

पुढच्या आठवड्यात भेटू. राम राम!