काटा नसलेल्या ट्रकचे फेरे कसे मोजाल?



उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली की पावतीवरचा आकडा आपण दोनदा वाचतो. कांद्याची गोणी नुसती हाताने उचलून कुणी वजन सांगितले, तर ते आपण मानत नाही. मग हा माल वाहणाऱ्या ट्रकचे इंजिन उभ्या जागी मिनिटाला किती फेरे घेते, ते मात्र आपण कानावर का सोडतो? जुन्या गाड्यांत फेऱ्यांचा काटा बहुधा नसतो, हे खरे. पण काटा नाही म्हणून मोजता येत नाही, असे नव्हे.

आमच्या थोरल्या बंधूंचीच गोष्ट सांगतो. त्यांचा जुना ट्रक कारखान्याच्या रांगेत उभा असताना वारंवार बंद पडू लागला. वाटेवरच्या एका मिस्त्रीने डिझेल पंपावरचा आयडलचा स्क्रू पिळून दिला. गाडी बंद पडायची थांबली, सगळे खूश झाले. पुढे डिझेल जास्त लागू लागले आणि उभ्या गाडीत पहिला गिअर टाकताना दात खडखडू लागले. तरी बंधू म्हणत, "आवाज तर नेहमीसारखाच आहे." कानाचे असेच असते. आठ दिवसांत तो नव्या आवाजाला सरावतो. शेवटी आम्ही फेरे मोजले. ते भरले 800, आणि गाडीच्या पुस्तकात होते 600! शोध घेता डिझेल फिल्टर गाळाने भरलेला निघाला. दुखणे होते फिल्टरचे आणि औषध दिले होते स्क्रूला.

आता मोजण्याची रीत पाहू. यासाठी दोन आकडे हवेत : पहिल्या गिअरचे प्रमाण आणि मागच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण. दोन्ही गाडीच्या पुस्तकात असतात, किंवा जाणत्या मिस्त्रीला विचारा. त्यांचा गुणाकार म्हणजे चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन किती वेळा फिरते तो आकडा. हिशेबापुरता तो 40 धरू. तुमच्या गाडीचा वेगळा असेल, तोच घ्यावा.

ट्रक रिकामा करा. थोडा वेळ चालवून इंजिन नीट गरम होऊ द्या, कारण थंड इंजिनाचा आकडा खरा नसतो. सपाट, टणक आणि मोकळी जागा निवडा. मागच्या टायरवर खडूची ठळक रेघ ओढा. ड्रायव्हरने पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडावा आणि दोन्ही पाय बाजूला घ्यावेत. गाडी आपोआप संथ चालू लागेल. दुसऱ्याने चार-पाच हात अंतर ठेवून बाजूने चालावे आणि घड्याळ लावून एका मिनिटात रेघ किती वेळा खाली येते ते मोजावे. 15 वेळा आली, तर 15 गुणिले 40, म्हणजे 600 फेरे. 20 वेळा आली, तर 800. गाडी ओढताना फेरे किंचित कमी पडतात, हे लक्षात ठेवा; आणि तीनदा मोजून सरासरी घ्या. गाडीच्या पुढे कुणी उभे राहू नये, आणि लेकरांना लांबच ठेवा.

आता घरोघरी मोबाइल आले आहेत. त्यात संथ चित्रणाची सोय असेल तर दुसरी रीतही आहे. इंजिन बंद असताना क्रँकच्या पुलीवर खडूची एक खूण करा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, मग इंजिन चालू करून लांबूनच आठ-दहा सेकंद चित्रण घ्या. मोबाइल आठपट संथ दाखवत असेल, तर चित्र पाहताना एका मिनिटात खूण जितक्या वेळा येईल त्याला 8 ने गुणा. 75 वेळा आली, की 600. मोबाइल खरोखर आठपट संथ दाखवतो का, हे आधी घड्याळाच्या सेकंदकाट्याचे चित्रण घेऊन ताडून पाहा. काट्याला एक सेकंद पुढे जायला चित्रात आठ सेकंद लागले पाहिजेत.

इथे एक गोष्ट विसरू नका. चालू इंजिनाजवळ खांद्यावरचा टॉवेल, धोतराचा सोगा, पदर, मफलर काहीही लोंबता कामा नये. पंखा आणि पट्टा कपडा पकडतात तेव्हा माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

जुन्या डिझेल ट्रकचे आयडलचे फेरे साधारण 500 ते 700 च्या दरम्यान असतात, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच प्रमाण माना. फेरे फार कमी असतील तर इंजिन थरथरते, तेलाचा दाब उतरतो आणि बॅटरी नीट चार्ज होत नाही. जास्त असतील तर उभ्या उभ्या डिझेल जाते. आकडा चुकला तरी लगेच पाना उचलू नका. आधी डिझेल फिल्टर पाहा, नळीत हवा शिरते का पाहा, ॲक्सिलेटरची दांडी अडकते का पाहा. हे सारे नीट असेल तरच आयडलच्या स्क्रूला हात लावावा. पंपावरच्या सील केलेल्या स्क्रूला मात्र मुळीच नाही.

मोजलेला आकडा तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवा आणि दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा मोजा. सातवीतल्या मुलाला गुणाकार करायला बसवा, त्याचा अभ्यासही होईल. आणि कारखान्यावर रांग लांब दिसली, तर फेरे 600 असोत की 800, इंजिन सरळ बंद करा.