थ्रेड: हायड्रोमीटरने बदललेली बिअर

१/७
घरी बिअर करणारा हौशी माणूस माल्टच्या गोड काढ्यात काचेचे हायड्रोमीटर सोडून घनता वाचतो. पाण्याची घनता १.०००, साध्या बिअरच्या काढ्याची सुमारे १.०४५. काढा आंबल्यावर तो पुन्हा वाचतो. दोन आकड्यांतील फरकावरून मद्यार्काचे प्रमाण कळते. या कृतीला ब्रुअरीत स्थान सहज मिळाले नाही.

२/७
अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये काढ्याचा कस जीभ आणि अनुभव ठरवीत. ऑल्टनच्या जेम्स बेव्हरस्टॉकने हायड्रोमीटर वापरले, तेही वडिलांच्या नापसंतीमुळे लपूनछपून. लंडनचे बडे ब्रुअर सॅम्युअल व्हिटब्रेड यांनी त्याला वाटेला लावले. हेन्री थ्रेल यांनी मात्र उत्तेजन दिले.

३/७
१७८४ मध्ये हलच्या जॉन रिचर्डसन यांनी आपल्या सॅकरोमीटरच्या नोंदी ग्रंथरूपाने मांडल्या. एक गोष्ट उघड झाली : स्वस्त तपकिरी माल्टमधून फिकट माल्टच्या मानाने फारच कमी साखर उतरते. स्वस्त वाटणारा माल प्रत्यक्षात महाग होता.

४/७
परिणामी लंडनच्या प्रसिद्ध पोर्टर बिअरमध्ये फिकट माल्ट वाढले आणि रंग उतरला. तो भरून काढण्यासाठी जळक्या साखरेसारखे उपाय आले. १८१६ च्या कायद्याने माल्ट आणि हॉप्सखेरीज इतर पदार्थांना मनाई केली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी माल्ट काळे भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले.

५/७
१८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर काढून तो काढ्याच्या घनतेवर बसवला; प्रमाण घनता होती १०५७. आता वाचनातील चूक थेट तिजोरीत उमटू लागली.

६/७
म्हणून तापमानाला महत्त्व आले. ब्रिटिश उपकरणे ६० अंश फॅरनहाइटला प्रमाणित असत. गरम काढा विरळ असल्याने आकडा कमी दिसतो. नळीला चिकटलेले बुडबुडे तिला उचलतात आणि आकडा वाढतो. काढा निववून, नळी गोल फिरवून, डोळा द्रवाच्या पातळीत आणून वाचणे आजही आवश्यक आहे.

७/७
या कथेत यंत्र शहाणे आणि जुने कारागीर अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. जिभेला साखरेचे वजन सांगता येत नव्हते, हे खरे. पण तपकिरी माल्टची चव हायड्रोमीटरच्या पट्टीवर कुठेच नव्हती. जे मोजता आले ते टिकले, जे मोजता आले नाही ते हिशेबातून गळाले. मोजमाप अचूक हवेच; काय मोजले गेले नाही, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजे.